साष्टीहून कँडीला : देवीच्या साथीत मागे राहिलेले दोन पाद्री



फोंड्याजवळ वेलिंगला लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ आहे. आपल्यापैकी कित्येकांचं ते कुलदैवत. पण हा देव मूळचा वेलिंगचा नाही, सांकवाळचा. १५६७ साली पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली तेव्हा भक्तांनी मूर्ती नदीपलीकडे नेली. शेजारच्या कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांची कथाही तीच. जे गेले ते देव घेऊन गेले. जे घराजमिनीपाशी राहिले त्यातले बहुतेक ख्रिस्ती झाले. गेलेल्यांच्या गोष्टी आपण घरोघर ऐकत आलो. राहिलेल्यांचं पुढे काय झालं, हे मात्र आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही.

आज त्या राहिलेल्यांपैकी एका घरातल्या माणसाबद्दल लिहितो आहे. सांकवाळचे वाझ. जुझे वाझ, इंग्रजी कागदांत जोसेफ वाझ. गोव्यातून निघून ते समुद्रापलीकडे लंकेत गेले, तिथे चोवीस वर्षं राहिले आणि तिथेच वारले. 'मिशन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा पाद्री येतो, त्याच्या मागे तोफा आणि सरकारी फर्मानं येतात. सांकवाळच्या देवाची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला तसं आठवणं साहजिकच आहे. पण लंकेतलं हे मिशन वेगळ्या जातीचं होतं. तिथे पाद्री गोरे नव्हते, गोव्याचे होते. त्यांच्यामागे सरकार नव्हतं. उलट तिथलं सरकार त्यांना पकडायला टपलेलं होतं. त्यांच्या हातात दोनच गोष्टी होत्या, लोकांची सेवा आणि लोकांची भाषा.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा, आजोळी, बाणावलीला. वडिलांचं घर सांकवाळला. ब्राह्मण ख्रिस्ती घराणं, खाऊनपिऊन सुखी. घरात बोली कोकणी. शाळेत पोर्तुगीज, मग लॅटिन, मग गोवे शहरात पुढचं शिक्षण. १६७६ साली ते पाद्री झाले. त्याच सुमारास त्यांनी पायातले जोडे काढले आणि पुढे अनवाणीच चालत राहिले. त्या काळी जोडे घालणं ही प्रतिष्ठेची खूण होती, आणि गरीब माणूस अनवाणी चाले. तेव्हा याचा अर्थ गावाला वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळच्या गोव्यात इथला माणूस पाद्री होऊ शकत होता, पण जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा मोठ्या संघांचे दरवाजे त्याला जवळजवळ बंद होते. साष्टीतल्या चर्चा जेझुइटांकडे, बारदेशातल्या फ्रान्सिस्कनांकडे. देशी पाद्री कितीही शिकलेला असो, तो बहुधा गोऱ्या पाद्रीच्या हाताखाली मदतनीस. धर्म बदलला, नाव बदललं, पोशाख बदलला, पण कातडीचा रंग तोच होता आणि मोजमाप त्याच्यावरूनच व्हायचं.

१६८१ साली वाझ यांना कानड्यात पाठवलं गेलं. मंगळूर, बसरूर, बारकूर, गंगोळी, कल्याणपूर ही सारी बंदरं. बसरूर आपल्याला चांगलं ठाऊक आहे. १६६५ साली शिवाजी महाराज समुद्रमार्गे तिथे गेले होते. वाझ गेले तेव्हा तो मुलूख केळदीच्या राणी चेन्नम्माच्या राज्यात होता. पुढे राजाराम महाराजांना जिंजीच्या वाटेवर जिने आसरा दिला, तीच ही राणी. गोव्यातून आलेले कितीतरी लोक या पट्ट्यात येऊन राहिले होते. त्यात हिंदू होते तसे ख्रिस्तीही. कोणी इन्क्विझिशनला भिऊन आलेला, कोणी युद्धाला, कोणी पोटासाठी. आपल्यातल्या कित्येक घराण्यांची कारवार-मंगळूरची वाट हीच. तिथे पोर्तुगालच्या राजाने नेमलेले पाद्री आणि रोमहून थेट नेमलेले पाद्री यांच्यात अधिकारावरून तंटा चाललेला होता. वाझ यांनी त्यात समजुतीने मार्ग काढला आणि गावोगाव फिरून मोडलेल्या वस्त्या पुन्हा जुळवल्या. पुढच्या कामाची तालीमच ती.

१६८४ ला ते परत आले. गोव्याची अवस्था तेव्हा कशी होती? १६८३ च्या शेवटी संभाजी महाराजांची फौज साष्टीत आणि बारदेशात घुसली होती. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने धास्तीने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला, हा प्रसंग आपण इतिहासात वाचलेला आहे. संकट टळलं, आणि याच व्हाइसरॉयने २७ जून १६८४ रोजी एक हुकूम काढला. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं, आणि त्यासाठी मुदत तीन वर्षांची. ज्या गोव्यात १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापलं गेलं होतं, त्याच गोव्यात सत्तर वर्षांच्या आत लोकांची जीभच बदलायला निघालेले हे राज्यकर्ते.

ती तीन वर्षं १६८७ मध्ये भरत होती. नेमक्या त्याच वर्षी हा गोव्याचा पाद्री जाफन्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि तमिळ शिकायला बसला. असं जुळवून आणायला कोणी बसलं नव्हतं, पण तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की काय ते कळतं.

लंकेला जाण्याआधी एक महत्त्वाचं काम झालं. गोवे शहरात टेकडीवर 'चमत्काराच्या क्रुसाचं' चर्च होतं. तिथे काही गोयंकार पाद्री एकत्र राहून प्रार्थना आणि सेवा करू लागले होते. १६८५ साली वाझ त्यांना जाऊन मिळाले, आणि या घराला सेंट फिलिप नेरीच्या 'ऑरेटरी' या पद्धतीची शिस्त लागली. मोठ्या संघांनी आत घेतलं नाही म्हणून इथल्या माणसांनी आपलं वेगळं घर बांधलं, असं सरळ म्हणता येईल. पुढे १७०६ मध्ये रोमचीही मान्यता आली. लंकेचं मिशन चाललं ते या घराच्या जोरावर. तिथे जाणारा प्रत्येक पाद्री गोव्याचा, आणि त्यांच्यासाठी पैसाअडका जमायचा तोही मुख्यतः गोव्यातच.

आता लंका. किनाऱ्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं ते डचांनी घेतलं. कोलंबो १६५६ ला पडलं, जाफना १६५८ ला. डच प्रोटेस्टंट, त्यामुळे कॅथलिक पाद्री म्हणजे पोर्तुगीजांचा हेर हे त्यांचं ठरलेलं गणित. पाद्रींना हाकललं, चर्चा ताब्यात घेतल्या, पाद्रीला घरात लपवणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा असल्याचं फर्मान काढलं. बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद डच चर्चमध्ये झाली नाही तर जमिनीचा वारसा आणि सरकारी नोकरी दोन्ही अडचणीत. म्हणून लोक नोंद तिकडे करत आणि जपमाळ घरात लपवत. तीस वर्षं अशी गेली. मुलांची मुलं झाली, पण त्यांनी पाद्रीचं तोंड पाहिलं नाही.

तिथे युरोपचा पाद्री पाठवण्यात अर्थ नव्हता. बंदरावर उतरताक्षणीच त्याच्या तोंडावरून तो ओळखला गेला असता. गोव्याचा अनवाणी माणूस, कमरेला पंचा आणि डोक्यावर ओझं, तो मात्र हमाल म्हणून सहज खपला असता. वाझ यांनी तेच केलं. बरोबर जुवांव नावाचा नोकर. गोव्याहून दक्षिणेकडे, मग तुतिकोरिनहून गलबतात. ज्या रंगामुळे गोव्यात दरवाजे बंद होते, त्याच रंगाने लंकेचा दरवाजा उघडून दिला.

प्रवासातच त्यांना हगवण लागली. जाफन्याला पोचले तेव्हा उभं राहण्याचंही त्राण नव्हतं. ना ओळखीचं कोणी, ना भाषा. जुन्या चरित्रात असं आहे की ते रस्त्याच्या कडेला आजारी पडले होते आणि तिथल्या गरीब बायकांनी त्यांना कांजी आणून पाजली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. लोक सांगतात की वाझ यांनी लंकेत सेवा केली. पण सुरुवात उलटी झाली. आधी लंकेने त्यांची सेवा केली. परक्या गावात आजारी पडलेल्या माणसाला पेजेची वाटी देणाऱ्या हाताची किंमत काय असते, ते त्यांना तिथल्या धुळीत पडून कळलं. दहा वर्षांनी कँडीत त्यांनी जे केलं, त्याचं मूळ इथे शोधायला हरकत नाही.

बरं वाटल्यावर पहिला प्रश्न, आपले लोक ओळखायचे कसे? विचारावं तर जीव जाणार. मग त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि भिक्षा मागत दारोदार फिरू लागले. कोण त्या माळेकडे पाहून चपापतं, कोण डोळ्यांनी खूण करतं, हे बघत राहायचं. असं करत एक घर मिळालं, मग दुसरं. जाफन्याजवळ सिल्लालै नावाचं गाव कॅथलिक निष्ठेचं होतं. तिथे त्यांना आसरा मिळाला.

तिथला दिनक्रम कसा होता? दिवसा लपून राहायचं किंवा मजुराच्या वेषात वाट चालायची. रात्र झाली की काम. एखाद्या घराच्या पडवीत नाहीतर माडांच्या बागेत माणसं हळूहळू जमत. आधी मुलांचे बाप्तिस्मे. मग वर्षानुवर्षं नुसत्या डच नोंदीवर संसार केलेल्या जोडप्यांची लग्नं. मग एकेकाचं कबुलीजबाब ऐकणं, म्हाताऱ्यांना तेल लावून आशीर्वाद. पहाटेच्या आधी मिस्स, आणि उजाडायच्या आत पाद्री पुढच्या गावाच्या वाटेवर. मिस्सेला गव्हाची भाकर आणि द्राक्षाचा वाइन लागतो. गहू लंकेत पिकत नाही, वाइन तिथे होत नव्हती. म्हणजे तेवढंसं पीठ आणि तेवढासा वाइनदेखील समुद्रापलीकडून लपवून आणायचा. ते सामान सापडलं तर पाद्रीही सापडला.

वाझ लोकांकडून पैसे घेत नसत. दोन वेळचं जेवण मिळालं की झालं. हा नुसता साधेपणा नव्हता, त्यात व्यवहारही होता. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही, त्याच्या दारातही पाद्री त्याच सहजपणे जाऊ शकला पाहिजे.

पाद्री एका गावाला वर्षातून एकदा किंवा दोनदा जेमतेम येणार. मधल्या काळात काय? याचं उत्तर या मिशनने गावातल्याच माणसांत शोधलं. प्रत्येक वस्तीत एक मूप्पू, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा वडीलधारा, आणि एक अण्णावी, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, मुलांना शिकवणारा. आजारी माणसाजवळ बसणं, मेलेल्याला माती देणं, रविवारी लोकांना एकत्र बसवणं, हे सगळं तेच करत. आपल्याकडे गावच्या भजनी मंडळात पेटीवाला आणि टाळकरी गावचेच असतात, कीर्तनकार वर्षातून एकदा येतो, तसंच थोडंफार. पाद्री पकडला गेला तरी गाव उघडं पडत नसे, हा त्यातला मुद्दा.

१६८९ च्या नाताळच्या सुमारास जाफन्यात डच शिपायांनी छापा घातला. पुष्कळ माणसं पकडली गेली. कोणाला फटके बसले, कोणाला सक्तमजुरीला धाडलं. वाझ हाती लागले नाहीत. पण आपल्यामुळे लोकांचे हाल होतात हे दिसत होतं. ते पुत्तलमला सरकले. तो भाग डचांच्या नव्हे, कँडीच्या राजाच्या ताब्यात होता. आणि १६९२ मध्ये ते थेट डोंगरातल्या राजधानीकडे, कँडीला निघाले.

कँडीच्या राज्यात परके लोक अडकून राहण्याची जुनी रीत होती. रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी तिथे एकोणीस वर्षं अडकला होता आणि १६७९ मध्ये पळाला. त्याचं पुस्तक प्रसिद्ध आहे. जुन्या पोर्तुगीज वस्तीतली कुटुंबंही त्या डोंगरात राहत होती, वाहाकोट्टेसारख्या गावांत त्यांचे वंशज आजही कॅथलिक आहेत. या लोकांकडे जावं असा वाझ यांचा बेत. पण दरबारात एक फ्रेंच प्रोटेस्टंट होता, त्याने राजाला सांगितलं की हा पोर्तुगीजांचा हेर आहे. वाझ कैदेत पडले.

कैदेत त्यांनी काय केलं? सिंहली शिकले. जाफन्यात तमिळ झालंच होतं, आता ही दुसरी. हळूहळू पहारा सैल झाला, एका झोपडीत वेदी मांडायला परवानगी मिळाली, मग छोटं चर्च झालं. पण शहराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. एका दुष्काळात राजाच्या सांगण्यावरून त्यांनी चौकात क्रूस मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी कथा तिथे सांगतात. कथा म्हणून ती ऐकावी. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता आणि बौद्धच राहिला, पण या माणसाबद्दल त्याचं मत बदलत चाललं होतं हे खरं.

१६९६-९७ च्या सुमारास गोव्याहून मदत आली. आलेल्या पाद्रींत जुझे कार्व्हाल्यो हे वाझ यांचेच नातलग. आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली.

आपल्या आजी-पणजींच्या दंडावर देवी टोचल्याचे वण आपण पाहिलेले आहेत. ती लस निघाली १७९६ मध्ये, म्हणजे या साथीनंतर शंभर वर्षांनी. तेव्हा औषध नव्हतं. लागण झालेल्या दहांमधले तीन तरी जात. अंगभर फोड, तोंडाच्या आत फोड, पाणी गिळवत नाही, कपडा अंगाला चिकटतो, वास सुटतो. घरातली माणसं भिऊन लांब होतात. कँडीत राजाने राजधानी सोडली, सरदार गेले, ज्यांच्याकडे जायला जागा होती ते सगळे गेले. ज्यांना देवी आल्या त्यांना रानात नेऊन टाकण्याची वेळ आली.

वाझ आणि कार्व्हाल्यो हे दोघे मागे राहिले. त्यांनी फांद्या आणि झावळ्यांच्या झोपड्या उभारल्या, टाकलेली माणसं उचलून तिथे आणली. काम काय होतं? पाणी पाजायचं. पेज भरवायची. जखमा धुवायच्या. घाण काढायची. मेलेल्याला खड्डा खणून पुरायचं. यात डॉक्टरकी काही नाही. पण देवीच्या रोग्याला वेळेवर पाणी, पेज आणि कूस बदलून द्यायला कोणी असलं, तर जो वाचण्यासारखा आहे तो वाचतो. कोणी नसलं तर वाचण्यासारखाही तहानेने जातो. तेवढा फरक माणसाच्या हाताने पडतो, आणि तेव्हा तो हात त्या दोघांचा होता. रोगी कॅथलिक आहे, बौद्ध आहे की हिंदू, हे विचारलं गेलं नाही. बहुतेक रोगी कॅथलिक नव्हतेच. साथ ओसरेपर्यंत हे चाललं.

राजा परत आला तेव्हा शहरात काय घडलं ते त्याला सांगावं लागलं नाही. त्यानंतर वाझ यांच्यावरचे निर्बंध गेले, राज्यात कुठेही फिरायची मोकळीक मिळाली. जे दरबारातल्या चर्चेने झालं नसतं, ते पाणी पाजण्याने झालं.

पुढच्या वर्षांत त्यांनी लंकेचा बराच भाग पायी पालथा घातला. डचांच्या मुलखात लपून, कँडीच्या मुलखात उघडपणे. गोव्याहून आणखी पाद्री येत राहिले. १७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विश आले. यांचं नाव आपण मराठी माणसांनी खास लक्षात ठेवायला हवं. त्यांनी सिंहली आणि तमिळ शिकून त्या भाषांत ढीगभर पुस्तकं लिहिली, शब्दकोश केला. सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून लंकेत त्यांचा मान आहे. त्यांच्या मोठ्या सिंहली ग्रंथाचं नाव 'देव वेद पुराणय'. देव, वेद, पुराण! रायतूरच्या 'ख्रिस्तपुराणा'ची आठवण आल्याशिवाय राहत नाही. येशूच्या दुःखभोगावर त्यांनी लिहिलेली प्रवचनं पुढे 'पसन' म्हणून सुरात गायली जाऊ लागली, आणि उपासाच्या काळात ती लंकेतल्या गावांत अजूनही गातात. हे गोन्साल्विश १७४२ मध्ये लंकेतच वारले.

विचार करा. दिवाडीच्या माणसाला स्वतःच्या गावात आपली भाषा सोडायला सांगितली जात होती. तोच माणूस समुद्र ओलांडून गेला आणि दुसऱ्यांच्या भाषेत पुराण लिहिलं. पोर्तुगीज त्यांनी लोकांवर लादली नाही. भाषा हिसकावली गेली की माणसाला काय वाटतं, हे त्यांना घरीच कळलं होतं म्हणून असेल, किंवा लोकांच्या भाषेवाचून तिथे एक दिवसही निभला नसता म्हणून असेल. दोन्ही कारणं खरीच असावीत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही आरती होईल. गोव्याची ही ऑरेटरी म्हणजे ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींचं घर होतं. गोऱ्यांनी रंगावरून बाहेर ठेवलं, तर यांनी जातीवरून. चाड्डी पाद्रींनी चिंबलला आपला वेगळा संघ काढला. धर्म बदलून जात गेली नाही, हे आपल्याला नवं नाही. शिवाय जुवांवचं काय? वाझ यांच्याबरोबर तो पहिल्या दिवसापासून होता, तेच धोके त्याने पत्करले, पण चरित्रात तो 'नोकर' म्हणूनच येतो. आणि लंकेत या पाद्रींनी सेवा केली तशी बौद्ध मताविरुद्ध वादाची पुस्तकंही लिहिली. वाझ यांच्यानंतर राजा नरेंद्रसिंहाच्या काळात गोन्साल्विशना दरबारी मान होता. पण त्यापुढच्या राजाच्या काळात, १७४० च्या दशकात, पाद्रींना कँडीतून बाहेर काढण्यात आलं. पाणी पाजून जोडलेलं नातं वादाच्या पुस्तकांनी किती ताणलं, हा प्रश्न तिथल्या माणसांनी विचारला तर त्यात गैर काही नाही.

वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. तिथलं चर्च नंतर राहिलं नाही, आणि त्यांच्या थडग्याची जागाही आज नेमकी सांगता येत नाही. त्यांचं चरित्र गोव्याच्याच सेबास्तियांव दो रेगो या ऑरेटरीच्या पाद्रीने लिहिलं आणि ते १७४५ मध्ये लिस्बनला छापलं गेलं. पण पोर्तुगीजमध्ये. त्यामुळे आपल्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही.

इंग्रज आल्यावर १८०६ मध्ये लंकेतल्या कॅथलिकांवरचे निर्बंध उठले. डचांची दीडशे वर्षं ही माणसं टिकली ती या गोव्याच्या पाद्रींच्या आणि गावोगावच्या मूप्पू-अण्णावींच्या जोरावर. मग १८३४ ला पोर्तुगालने सगळे धार्मिक संघ बरखास्त केले, त्यात गोव्याची ऑरेटरीही गेली. नवीन पाद्री यायचे थांबले, युरोपातले संघ लंकेत आले आणि गोव्याचं नाव मागे पडलं. गोवे शहरातल्या त्या टेकडीवर आज पडक्या भिंती आहेत. सांकवाळच्या जुन्या चर्चचाही नुसता दर्शनी भाग उभा आहे. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी वाझ यांना संतपद जाहीर केलं. लंकेने आपला पहिला संत म्हणून साजरा केलेला हा माणूस सांकवाळचा.

आपण इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं आहोत. बहुतेकांचे पूर्वज सत्तेबरोबर गेले, फौजेबरोबर, दफ्तराबरोबर. सत्ता गेली तेव्हा आपल्यातले कोण तिथल्या मातीत टिकले आणि कोण उपरे राहिले, याचा हिशोब आपल्याला घरोघरी माहीत आहे. ज्याने शेजाऱ्याची भाषा घेतली आणि त्याच्या अडीअडचणीला धावला, त्याचं घर तिथलं झालं. वाझ सत्तेशिवाय गेले, म्हणून त्यांना हे पहिल्या दिवसापासून करावं लागलं. धर्म कोणताही असो, परक्या गावात राहण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

वेलिंगला देवाला जाणाऱ्यांनी परतताना कधीतरी वाकडी वाट करून सांकवाळलाही जावं. देव तिथूनच निघाला होता, आणि हा माणूसही. १६ जानेवारीला तिथे वाझ यांचं फेस्त असतं. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरात कारवार-मंगळूरकडे गेलेल्या, किंवा त्याही पुढे समुद्रापलीकडे गेलेल्या पूर्वजांची काही आठवण असेल, साथीच्या दिवसांत मागे राहून शेजाऱ्यांची सेवा केलेल्या कोणा आजोबा-पणजीची गोष्ट असेल, तर जरूर लिहा. हिंदू घरातली असो वा ख्रिस्ती, अशा गोष्टी सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.